ऐकू आले की ओळखले?

चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. पृथ्वीवरून सोडलेली रेडिओलहर तिथवर जाऊन, चंद्राच्या खडबडीत पाठीवर आपटून परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. पाठवलेल्या शक्तीपैकी जो कण चंद्रावर पोचतो, त्यातलेही शंभरात सहा-सात भागच परावर्तित होतात, आणि तेही चहूकडे विखुरतात. हा उद्योग निव्वळ हौसेखातर करणारी माणसे जगात आहेत. १९६० साली अमेरिकेतल्या दोन हौशी केंद्रांनी चंद्रामार्गे एकमेकांशी पहिला दुतर्फा संपर्क साधला. तेव्हापासून ही मंडळी परसात अँटेनांचे जंगल उभारून, कानाला हेडफोन लावून, खरखरीतून मोर्सची टिंबे आणि रेघा वेचत रात्री घालवत आली. २००३ सालाच्या अखेरीस त्यांच्या हाती चंद्रामार्गे बोलण्याची एक नवी संगणकीय पद्धत आली आणि पुढे भांडण जुंपले. भांडणाचा मुद्दा एवढाच : पडद्यावर उमटलेला संदेश खरोखर चंद्रावरून आला, की संगणकाने तो अंदाजाने जुळवला?

मी रेडिओवाला नव्हे. तीसएक वर्षे बँकेत काढली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तरी हे भांडण मला परके वाटत नाही. अर्धवट मिळालेल्या खुणांवरून ‘हेच ते’ असे म्हणायचे आणि त्याखाली आपली सही करायची, हेच तर आम्ही काउंटरच्या आत बसून करत होतो.

प्रणालीचे नाव डब्ल्यूएसजेटी. पहिली दोन अक्षरे ‘वीक सिग्नल’ची, म्हणजे दुर्बळ संकेताची, आणि पुढची दोन तिचे कर्ते जो टेलर यांची. टेलर यांचा जन्म १९४१चा. न्यू जर्सीतल्या शेतावरच्या घरात वाढलेला हा मुलगा भावाबरोबर छपरावर मोठमोठ्या फिरत्या अँटेना उभारी. एका वर्षी त्या उद्योगात घराचे विटांचे धुराडेच छपराच्या पातळीला कापले गेले आणि आईवडिलांची धांदल उडाली, असे त्यांनीच आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहे. पुढे ते खगोलशास्त्रज्ञ झाले. १९७४ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी, पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून, दुसऱ्या मृत ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत फेरी मारणारा एक स्पंदतारा शोधला. त्याची कक्षा वर्षानुवर्षे मोजून, ती आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार आकसते आहे, म्हणजेच गुरुत्वलहरींतून ऊर्जा निघून जाते आहे, हे दाखवले गेले. १९९३चे नोबेल पारितोषिक दोघांना या शोधासाठी मिळाले. त्यानंतर आठ वर्षांनी, २००१ साली, टेलर यांनी ही प्रणाली हौशी मंडळींच्या हाती दिली. नोबेल मिळाल्यावर माणसे समित्यांवर जातात. हे गृहस्थ धुराडे पाडणाऱ्या छंदाकडे परतले.

या दोन उद्योगांतला धागा समजून घेतला की बाकीचे सोपे जाते. स्पंदताऱ्याची एकेक ठिणगी इतकी क्षीण असते की बहुधा ती खरखरीत बुडून जाते. पण तारा किती वेळाने ठिणगी टाकतो ते ठाऊक असेल, तर तासाभराची नोंद तेवढ्याच लांबीच्या तुकड्यांत कापायची आणि तुकडे एकावर एक रचायचे. खरखर दर तुकड्यात वेगळी असल्याने ती सपाट होत जाते. ठिणगी मात्र ठरल्या जागीच पडत असल्याने उंचावत जाते. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीतही स्पंदताऱ्यांचा अभ्यास करताना याच युक्तीचा आधार घेतात. ती युक्ती अशी, की जे आधी ठाऊक आहे त्याच्या आधाराने, ऐकू न येणारे ऐकायचे.

टेलर यांनी हीच दृष्टी रेडिओ संभाषणाला लावली. पहिला विचार असा की पाठवायचे आहे किती? आपल्या तारखात्यात शुभेच्छांच्या तारेला वाक्यांचे क्रमांक असत. कारकून वाक्य पाठवत नसे, नुसता आकडा पाठवी, आणि पलीकडचा कारकून आकड्यावरून वाक्य काढून घरी पोचवी. हौशी रेडिओवर निरोप घेताना म्हणतात ते ‘७३’ हेही जुन्या अमेरिकी तारबाबूंच्या अशाच आकड्यांतले. दुर्बळ संकेताच्या संपर्कात सांगायचे असते फार थोडे : तू कोण, मी कोण, मी कुठे आहे, तू किती जोरात ऐकू येतोस. २००३च्या पद्धतीचे नाव जेटी६५. तिच्यात हे सारे ७२ बिटांत, म्हणजे ७२ ‘हो-नाही’ उत्तरांत बसवले. प्रत्येक संकेतनामाला २८ बिट, कारण तेवढ्यात जवळपास २७ कोटी नावे मावतात आणि नेहमीच्या धाटणीची सगळी नावे त्यात बसतात. ठिकाणाला १५ बिट. त्यासाठी पृथ्वीचे २ अंश रेखांश आणि १ अंश अक्षांशाचे चौकोन पाडलेले असतात. ते भरतात ३२,४००, आणि १५ बिटांत आकडे मावतात ३२,७६८. उरलेल्या थोड्या जागाही वाया घालवल्या नाहीत, तिथे संकेताच्या जोराचे आकडे बसवले. अशी काटकसर मी एका जुन्या हेडकॅशियरखेरीज कुणात पाहिलेली नाही. जाता जाता सांगतो, या चौकोनांच्या हिशेबात कुलाबा आणि पुणे एकाच ‘एमके६८’मध्ये येतात आणि अंधेरी-बोरिवली मात्र ‘एमके६९’मध्ये जातात. पणजी ‘एमके६५’.

एवढी काटकसर केल्यावर पुढची पायरी उधळपट्टीची. ७२ बिटांचे १२ भाग करायचे आणि ते ६३ भागांत पसरून पाठवायचे, म्हणजे पाचपटीहून जास्त. बँकेचा धनादेश डोळ्यांसमोर आणा. रक्कम आपण दोनदा का लिहितो, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत? आकड्यावर पाणी पडले तरी अक्षरांवरून कळावे म्हणून, आणि दोन्ही जुळले नाहीत तर गडबड आहे हे ध्यानात यावे म्हणून. कायदाही सांगतो की फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. जेटी६५मध्ये ही दुसऱ्यांदा लिहिण्याची कला कमालीच्या टोकाला नेलेली आहे. ६३ पैकी २५ भाग साफ चुकीचे पोचले तरी मूळ मजकूर गणिताने अचूक परत मिळतो. कॉम्पॅक्ट डिस्कवर चरा पडला तरी गाणे चालू राहते, ते याच कुळातल्या गणिताने.

तिसरी गोष्ट वेळेची. दोन्हीकडची घड्याळे एखाद्या सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. एकाने एक मिनिट पाठवायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मग उलट. क्लिअरिंग हाउसची वेळ जशी कुणासाठी थांबत नसे, तशीच ही.

इथवर कुणाची तक्रार नव्हती. तक्रार झाली ती ‘खोल शोध’ नावाच्या सोयीवर. गणिताने मजकूर सुटलाच नाही, तर प्रणाली आणखी एक प्रयत्न करी. तिच्यापाशी चंद्रसंपर्क करणाऱ्या हजारो केंद्रांच्या नावांची यादी असे. त्यातले एकेक नाव घेऊन, ‘हे केंद्र मला हाक मारत असते तर संकेत कसा दिसला असता?’ असे ती कागदावर मांडी आणि आलेल्या खरखरीशी ताडून बघे. एखादे नाव इतरांपेक्षा ठळकपणे जुळले, तर ते पडद्यावर येई. जुने चंद्रवाले खवळले. त्यांचे म्हणणे असे, की ज्याचे नाव यादीत नाही तो तुला ऐकू येत नाही आणि ज्याचे आहे तो नसतानाही ऐकू येईल. मग याला ऐकणे कशाला म्हणायचे?

आक्षेप पोकळ नव्हता. पण दुसरी बाजूही बघायला हवी. मोर्सच्या काळात चंद्रसंपर्क बहुधा ठरवून होत. अमुक रात्री, अमुक मिनिटाला, अमुक केंद्र. ज्याने तासभर एकाच नावाची वाट पाहिली, त्याचा कान खरखरीत त्या नावाची दोन अक्षरे ऐकून उरलेली चार स्वतः भरणार नाही, असे शपथेवर कोण सांगेल? मनुष्याचा कान नेहमीच यादी घेऊन बसलेला असतो. लग्नघरच्या गलक्यात आपले नाव आपल्याला बरोबर ऐकू येते, शेजाऱ्याचे येत नाही.

बँकेत सही ताडून बघताना आम्ही दुसरे काय करत होतो? सही कुणी वाचत नाही. बहुतेकांची सही वाचता येतच नाही. खात्याचा क्रमांक बघायचा, नमुना सहीचे कार्ड काढायचे आणि जुळवायचे. कार्ड नसते तर जगातला कोणताही अधिकारी त्या रेघोट्यांवरून नाव सांगू शकला नसता. म्हणजे तोही खोल शोधच. धोकाही तोच : गिऱ्हाईक ओळखीचे असले, घाईत असले, की डोळा थोडा उदार होतो. त्यावर बँकेने डोळे मिटायला सांगितले नाही. जो पास करील त्याने आद्याक्षरे करायची, एवढा नियम केला. जुळवले कुणी, हे कागदावर राहिले पाहिजे.

टेलर यांनी नेमके हेच केले, आणि म्हणून या वादात माझे मत त्यांच्या पारड्यात आहे. खोल शोध बंद करता येत असे. त्यातून आलेल्या उत्तरावर ते कितपत भरवशाचे याची खूण असे. ही सोय आतून कशी चालते, हे त्यांनी २००५ साली हौशी तंत्रज्ञांच्या नियतकालिकात लेख लिहून उघडपणे मांडले, आणि त्याच वर्षी प्रणालीचा सगळा आराखडा कुणालाही वाचता, बदलता यावा म्हणून खुला केला. कानाने केलेला अंदाज नोंदवला जात नाही. या प्रणालीने केलेला अंदाज मात्र अंदाज म्हणून नोंदवला गेला.

आज आपल्या खिशातला फोन माझे वाक्य मी संपवण्याआधी संपवतो. मी मराठीत सांगितलेला मजकूर टिपताना त्याला जे ऐकू आले नाही, ते तो बेमालूम भरतो. कुठे ऐकले आणि कुठे भरले, याची खूण मात्र तो कुठेच ठेवत नाही. कादंबरीच्या खर्ड्यात मी न म्हटलेला एखादा शब्द इतका शोभून बसलेला असतो की तो माझाच वाटावा. अशा वेळी या हौशी मंडळींचा जुना तंटा आठवतो.

खुलेपणाच्या गोष्टीत एक कोडे उरले होते. ते सुटायला दहा वर्षे लागली. जेटी६५चा मजकूर अधिक कुशलतेने सोडवणारा जो भाग होता, तो परवान्यावर घेतलेला होता. त्याचा आराखडा उघड करण्याची मुभा नव्हती. म्हणजे साऱ्या घराला काचेच्या भिंती आणि मधल्या एका खोलीला कुलूप. हौशी रेडिओत हे फारच विसंगत दिसे, कारण अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही, हा या छंदाचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आमच्याकडे तारेने पैसे पाठवायचे तर उलट रीत होती. सांकेतिक पुस्तक तिजोरीत, किल्ली अधिकाऱ्याच्या कमरेला, आणि पडताळ्याचा आकडा बाहेर कुणाला कळता कामा नये. तिथे गुप्तता हाच भरवसा होता. इथे उघडेपणा हा भरवसा.

ते कुलूप काढले इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक स्टीव्ह फ्रँक आणि टेलर या दोघांनी मिळून. त्यांची रीत कोणाही जुन्या लेजर-कारकुनाला आवडेल. ६३ पैकी कोणते भाग संशयास्पद याचा अंदाज करायचा, तेवढे बाजूला ठेवून बाकीच्यांवरून हिशेब मांडून बघायचा. नाही जमला तर दुसरे संशयित, मग तिसरे, असे हजारो वेळा, आणि शेवटी जो मजकूर आलेल्या संकेताशी सर्वांत जवळ बसेल तो घ्यायचा. तेरीज जुळली नाही की आम्ही रात्री असेच बसत असू. फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिले आहेत. मग संशयित नोंदी एकेक काढून बेरीज करायची. २०१६ साली दोघांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. कुलूपबंद भागापेक्षा ती सरस ठरली आणि तो भाग कायमचा गेला.

तोवर हे काम एकट्याचे राहिले नव्हते. इंग्लंडमधले बिल सॉमरव्हिल हे वर्षानुवर्षे त्याच्या बांधणीचा कणा होते. २०२१च्या डिसेंबरात ते वारले. इटलीतले निको पालेर्मो यांनी आणलेल्या नव्या संकेतरचनेवर २०२१ची क्यू६५ ही पद्धत उभी राहिली. गणिताचा गाभा आजही बराचसा फोरट्रानमध्ये आहे. बँकांत जसे कोबोल, तसे शास्त्रज्ञांत फोरट्रान. पगार कुणालाच नाही.

फ्रँक आणि टेलर यांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन २०१७च्या उन्हाळ्यात आलेली एफटी८ ही पद्धत मात्र चंद्रवाल्यांपुरती राहिली नाही. पाठवायला पंधरा सेकंद, त्यातही प्रत्यक्ष १२.६४. अख्खा संपर्क दीडेक मिनिटात. हौशी रेडिओत तिने बाकी सगळ्या डिजिटल पद्धती मागे टाकल्या. बरोबर तेव्हाच सूर्यावरचे डाग ओसरत होते आणि दूरच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या होत्या. तिची आवई अशी, की आवाजाच्या सव्वाशेव्या हिश्शाइतका संकेतही ती वाचते. आकडा खरा आहे, पण त्यात थोडी जादूगिरी आहे. तो मोजतात २,५०० हर्ट्झच्या रुंद पट्ट्यातल्या खरखरीशी, आणि संकेत बसतो अवघ्या ५० हर्ट्झमध्ये. तेवढ्याच फटीतून बघितले तर संकेत खरखरीच्या दोन-पंचमांश भरतो. तरीही तो खरखरीखाली आहेच, आणि तिथून त्याला वर काढणे हे गणिताचे श्रेय.

बँकेतले माझे एक सहकारी परवानाधारक हौशी आहेत. त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी एका संध्याकाळी हे पाहत बसलो होतो. गच्चीवर ताणलेली एक तार, टेबलावर बुटाच्या खोक्याएवढे यंत्र, आणि दर पंधरा सेकंदांनी पडद्यावर ओळींचा नवा जुडगा. जपान, इंडोनेशिया, इटली, मग एक ब्राझील. हेडफोनमध्ये नुसती शिट्ट्यांची पेटी वाजत होती. काही ओळींच्या शेवटी ‘ए’ आणि एक आकडा होता. ते म्हणाले, ‘म्हणजे हे उत्तर येणार हे आधी धरून चालून वाचलंय.’ एका ओळीपुढे प्रश्नचिन्ह होते. ‘आणि हे?’ ‘हे मी वहीत घेत नाही.’

प्रश्नचिन्ह का लागते तेही त्यांनी सांगितले. प्रत्येक मजकुराबरोबर १४ बिटांचा पडताळा येतो. निव्वळ खरखरीतून चुकून काही जुळले, तर तो पडताळाही जुळण्याची शक्यता १६,३८४त एक. पण यंत्र रोज असंख्य वेळा जुळवून बघते, त्यामुळे कधीतरी, जगात नसलेल्या केंद्राची हाक पडद्यावर येतेच. पूर्वी हा पडताळा १२ बिटांचा होता, म्हणजे ४,०९६त एक. २०१८च्या डिसेंबरात तो बदलला, तेव्हा जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींचे बोलणे समजेनाशा झाल्या. सगळ्या जगाने तीनेक आठवड्यांत नवी आवृत्ती घ्यावी असे ठरले, आणि हुकूम सोडणारे कुणी नसताना लोकांनी ती घेतली. आमच्या बँकेत एक फॉर्म बदलायचा तर तीन परिपत्रके लागत.

कादंबरीकार म्हणून एक गोष्ट मला सलते, ती लपवत नाही. या पद्धतीत मोकळा मजकूर लिहायचा तर एका वेळी तेरा अक्षरे. कुणी कुणाला पावसाचे विचारत नाही. मोर्सवर माणसाच्या हाताची लकब ओळखू येई, इथे सारे हात सारखे. ‘हे संभाषणच नव्हे,’ असे जुने लोक म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त एवढे मनात येते की मुंबईहून कोकणात येणाऱ्या मनिऑर्डरच्या कुपनावरही दोनच ओळी मावत. पैसे आले याचा अर्थ माणूस तिथे आहे, धड आहे, हा निरोप त्या ओळींच्या आधीच पोचलेला असे.

सलणारी दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मूळ प्रणालीत प्रत्येक संपर्काची सुरुवात माणसाने करावी लागते. कर्त्यांनी ती मर्यादा जाणूनबुजून ठेवली. पण आराखडा खुला, त्यामुळे ही मर्यादा काढून टाकलेल्या, रात्रभर आपणच हाका मारून आपणच उत्तरे देणाऱ्या आवृत्त्या इतरांनी बनवल्याच. त्यांना अडवायला कुलूप हवे, आणि कुलूप नको म्हणून तर इतके कष्ट झाले. ‘खोटी ओळ आली तर प्रश्नचिन्ह दिसतं हो,’ माझे मित्र म्हणाले, ‘पण पहाटे तीनला मला उत्तर देणारं केंद्र अगदी खणखणीत येतं, पडताळा जुळतो, वहीतही नोंद होते. तिकडे कुणी जागं आहे की नाही, याची खूण कुठल्याच ओळीत नसते.’